खळ्यावरचं तीर्थ

स्वतःचाच गाळा एका संध्याकाळपुरता मागून आणायचा, एवढंच काम होतं. गाळा माझा, जमीन माझी, घराच्या ओट्यावरून दिसतो. तरी या कामात माझी दाढी अर्धी राहिली, कंबर अडकली, आणि ज्या समितीचा मी अध्यक्ष आहे तिच्या सभासदांसमोर मान खाली घालायची वेळ आली. मान आधीच खाली होती, कंबरेमुळे, म्हणून ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

झालं असं, की नात सुकन्याचं लग्न ठरलं. मुलगा धनेश कल्याण रोडला एक एसी हॉल बघून आला आणि त्याचे फोटो मोबाईलवर आम्हाला दाखवू लागला. माझ्या बायकोने, जानकीबाईने, फोटो बघितले, मोबाईल परत दिला आणि सांगितलं, "हळद खळ्यावर लागंल."

"आई, खळं कुठं हाय आता? तिथं चार नंबरचा गाळा हाय."

"आन गाळ्याच्या खाली काय हाय?"

धनेश माझ्याकडे बघायला लागला. मी फोटो बघायला लागलो.

वळ गावात आता शेत शोधायला बाहेरचा माणूस आणावा लागतो. जिथे बघाल तिथे गोदामं. आमच्याही जमिनीवर गाळे उभे राहिले, आणि चौथा गाळा आला तो नेमका खळ्यावर. मळणीचं खळं. घरातल्या सगळ्या मुलींना हळद तिथेच लागलेली, धवलारीण तिथेच बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायलेली. खळ्यावर काँक्रीट पडायच्या दिवशी जानकीबाई आडवी आली होती. तेव्हा मी शब्द दिला, की घरातली मुलगी निघेल तेव्हा एक संध्याकाळ खळं तुझं. सुकन्या तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जायची. इतक्या लांबच्या गोष्टीला हो म्हणायला माणसाला काही पडत नाही. पण जानकीबाईने माझ्याकडे सगळ्या संसारात मागून घेतलेली ही एकच गोष्ट. बाकीच्या तिने न मागता घेतल्या.

"मी बघतो," धनेश बोलला. "भाडोत्र्याशी मी बोलतो. बाबा, तुम्ही न्हाय जायचं तिकडं."

भाडोत्र्याचे व्यवहार धनेशच बघतो. चार नंबरचा भाडोत्री कोणीतरी जपानी साहेब आहे, चिनीमातीची भांडी आणि सुटे भाग ठेवतो, एवढंच मला माहीत होतं. शटर कायम खाली. वर पाटी नाही. मला अक्षरं उशिरा भेटली, पोरं शिकून झाल्यावर, त्यामुळे पाटी दिसली की मी ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ज्या दुकानाला पाटी नाही त्याच्याबद्दल माझं मत चांगलं होत नाही.

धनेश बघतो बघतो म्हणत राहिला आणि लग्नपत्रिका छापून आल्या. शेवटी जानकीबाईच म्हणाली, "तुम्हीच जा. शब्द तुमचा हाय."

"उद्या सकाळी जातो."

"सकाळी कोण नसतं. संध्याकाळचं जा. मागल्या अंगानं जा. आन पाय धुऊन जा."

"गाळ्यात जायला पाय कशाला धुवायचं?"

"सांगते तेवढं करा."

बायको असं तपशीलवार सांगते तेव्हा नवऱ्याने थांबून विचार करावा. मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर अर्ध्या दाढीवर असताना बाळाराम आला. बाळाराम माझा शेजारी, त्याचेही गाळे आहेत, आणि आमच्या साधी हळद समितीचा तो उपाध्यक्ष. या समितीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. नाचगाणं, मटण, डीजे आणि दारू. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा एकटाच शुद्धीवर असतो असे प्रसंग झालेले आहेत. म्हणून गावाने समिती केली. हळदीला दारू नाही, डीजे नाही. ज्याच्या हळदीत दारू निघेल त्याचं नाव देवळाबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचं. मी पीत नाही, शिवाय माझं अक्षर मोठं आणि गोल आहे, म्हणून अध्यक्ष मी. दर गुरुवारी संध्याकाळी देवळात बैठक असते. अलीकडे बैठकीला मी एकटाच असायचो. कोणाची दाढ दुखायची, कोणाची सासू यायची. मी मागच्या बैठकीचा वृत्तांत स्वतःलाच वाचून दाखवायचो, एकमताने मंजूर करायचो आणि घरी यायचो.

"महादू, तू चार नंबरला जातोस असं ऐकलं," बाळाराम म्हणाला.

"आज संध्याकाळी."

बाळारामने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "जाऊ नको. तिथं देव बसलाय."

वस्तरा माझ्या हातात थांबला.

"कसला देव?"

"ते मना काय माहीत. पण संध्याकाळ झाली का मागल्या दाराला चपलांची रांग लागते. आत आवाज न्हाय, गाणं न्हाय, टाळ न्हाय. माणसं येतात, एकमेकांना वाकून नमस्कार करतात आन आत जातात. बाहेर येताना चेहरे बघावं. शांत. बुवा हाय कोणीतरी. मोठा बुवा."

आता शहरातल्या माणसाला वाटेल, बसला देव तर बसू दे. त्याला गोदामाच्या धंद्यातलं काही कळत नाही. भाडोत्री करार संपला की उठतो. देव उठत नाही. अंजूरला बाळारामच्या चुलतभावाच्या जमिनीवर कोणीतरी एका दगडाला शेंदूर लावून ठेवला. तो काढायला कोणी हात लावेना. शेवटी गोदाम त्या दगडाला वळसा घालून बांधावं लागलं. आता तिथे मोठे कंटेनर देवाला प्रदक्षिणा घालूनच गोदामाला लागतात, आणि चालक रिव्हर्स टाकण्याआधी नारळ फोडतात.

देव बसला तर खळं गेलं. एका संध्याकाळपुरतं नाही, कायमचं. आणि जानकीबाईला ते सांगायचं मला. मी उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून तालुक्याच्या कचेरीत गेलो.

तिथल्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येमध्ये तो माझ्या गालाकडे बघत होता, आधी डाव्या, मग उजव्या.

"देवस्थान नोंदवायचंय का?" त्याने विचारलं.

"न्हाय. नोंदवलेलं हाय का ते बघायचंय. असंल तर काढायचंय."

"काढायचा अर्ज नसतो. नोंदवायचा असतो."

"मग नोंदवलंय का ते तरी बघा."

त्याने संगणकावर बघितलं, मग कपाटातलं बाड काढून बघितलं, मग चहा घेतला. "आजोबा, तिथे गाळाच नाही."

"मी रोज ओट्यावरून बघतो."

"तुम्ही बघत असाल. कागदावर नाही. कागदावर तिथे खळं आहे."

खरं तर मी घाबरायला हवं होतं. गाळ्याचं शेड कागदावर नाही म्हणजे पुढे किती खेटे घालायचे आले. पण मला उगाचच बरं वाटलं. म्हटलं, एवढी गोदामं झाली, एवढे ट्रक आले, तरी सरकारला अजून माझं खळं दिसतंय. त्या कारकुनाला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला आणि बसने परत आलो.

संध्याकाळी एकटं जायचा धीर होईना. देव बुवाचा असेल, खरा असेल, काय असेल ते असो, साक्षीदार हवा. म्हणून भिवंडीतून मुख्तारला बोलावून घेतलं. मुख्तार माझा जुना दोस्त. त्याचे लूम आता मुलगा बघतो. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात बोलल्यामुळे मुख्तार कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जातं.

"तुमचा देव, मी काय करू आत येऊन?" तो म्हणाला.

"तू बस नुसता. तुझ्या देवाचा न्हाय तो, म्हणून तुला भुलवणार न्हाय. तू खरं काय ते सांगशील."

"चल. पण मी प्रसाद न्हाय खाणार."

मी पाय धुतले. मुख्तार वजू करूनच आला होता. असे दोन स्वच्छ पायांचे म्हातारे आम्ही चार नंबरच्या मागल्या अंगाला गेलो.

बाळाराम खोटं बोलला नव्हता. दाराबाहेर चपला, बूट, सगळे सरळ रांगेत, टाचा दाराकडे. आमच्या देवळाबाहेर असली शिस्त मी कधी बघितली नाही. रांगेत एक जोड ओळखीचा वाटला. लाल दोऱ्याने शिवलेली, अंगठा तुटलेली चप्पल. बाळारामची. मला भरून आलं. माझ्यासाठी हा माणूस देवाला विनंती करायला आधीच येऊन बसला, असं वाटलं.

आत गेलो तर पुठ्ठ्याच्या खोक्यांची भिंत. त्या भिंतीतून एक बोळ, एक माणूस जेमतेम जाईल असा. बोळाच्या टोकाला बुटकं दार आणि त्याच्यावर मधोमध चिरलेला निळा पडदा. वाकून आत शिरावं लागतं, गाभाऱ्यात शिरतात तसं.

आत मंद उजेड. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे माणसं ओळीने बसलेली, काही गोरीपिवळी परदेशी, काही आपली, ऑफिसच्या शर्टातली. सगळी गप्प, हातात चिमुकल्या वाट्या धरून. समोर उंचावर छोटा लाकडी देव्हारा. त्याला भाताच्या पेंढ्याचा पीळ दिलेला दोर बांधलेला. खाली ताटलीत तांदूळ आणि मीठ. आणि कोपऱ्यात पेंढ्यात गुंडाळून दोरांनी आवळलेली ही एवढी मोठी मुडी. भात भरून ठेवायला आम्ही बांधायचो अगदी तशीच. पेंढ्याची मुडी मी किती वर्षांत बघितली नव्हती.

माझे हात आपोआप जोडले गेले. संपलं, म्हटलं. बसलाय. आणि चांगला धान्याचा देव बसलाय. याला कोण उठवणार?

फळीमागून एक उंच, पांढऱ्या केसांचा जपानी माणूस बाहेर आला. तोच भाडोत्री, ओकुदा साहेब. त्याने मला बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, आणि तो कमरेत वाकला. बुवा स्वतः आपल्याला वाकतोय म्हटल्यावर मी त्याच्याहून खाली वाकलो. तो आणखी खाली गेला. मी आणखी. घरमालक म्हणून मी कमी पडणार नव्हतो. ओळीत बसलेली माणसंही उठून वाकायला लागली. त्याच वेळी माझ्या कमरेत काहीतरी कट् झालं आणि मी तिथेच राहिलो.

ओकुदा साहेबाने वर बघितलं. मी खालीच. म्हणून तो पुन्हा खाली गेला.

"महादूशेठ, उठ ना," मुख्तार कुजबुजला. भिंतीवरच्या वाट्या थरथरल्या.

"उठता येत न्हाय."

मग सगळ्यांना कळलं. दोघांनी धरून मला फळीपुढच्या चौरंगावर बसवलं, वाकलेला होतो तसाच. शेजारी बाळाराम होता. डोळे मिटून बसला होता, घट्ट, लहान मूल झोपल्याचं सोंग करतं तसे.

"बाळाराम," मी म्हटलं.

"बोलू नको," तो डोळे न उघडता म्हणाला. "इथं बोलत न्हाईत."

ओकुदा साहेबाने माझ्यापुढे चिनीमातीची छोटी सुरई आणली. हिंदी त्याने हमालांकडून शिकलेली असावी, कारण सुरई आणतानाही तो "साइड, साइड" म्हणत होता. "शेठ, थोडा गरम. कमर को अच्छा," असं म्हणून त्याने वाटी पुढे केली.

तीर्थ वाटीतून घेण्याची आपली रीत नाही. मी वाटी परत त्याच्या हातात दिली आणि उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला. तो क्षणभर थांबला. मग त्याने अगदी गंभीरपणे माझ्या तळहातावर धार धरली. मी प्यालो, ओला हात डोक्यावरून फिरवला. जिभेवर गोडसर, घशात ऊबदार. मी पुन्हा हात पुढे केला, तीर्थ तीनदा घेतात म्हणून. ओळीतल्या एका मुंबईच्या शर्टवाल्याने शेजाऱ्याला विचारलं, "हे असं प्यायचं असतं?" आणि त्यानेही तळहात पुढे केला. थोड्या वेळात अख्खी ओळ तळहातावर घेऊन डोक्याला हात पुसत होती.

मुख्तारने घेतलं नाही. त्याला हिरवा चहा दिला. "कपडा रंगवायचं पाणी हाय," असं मत देऊन तो मात्र संपवत होता.

मग प्रसाद आला. छोट्या ताटलीत भाजलेला सुका बोंबील, वर लसूण आणि लाल मिरची चुरडलेली. मांसाहारी देव आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चवीचं. अगदी आमच्या घरच्यासारखा. करपण्याच्या आधी काढलेला, कडेला किंचित काळा. म्हटलं, देव जागृत आहे. भक्ताच्या घरची चव ओळखून प्रसाद देतो.

हे मी बहुतेक मोठ्याने बोललो असेन, कारण ओळ हसायला लागली. मलाही हसू आलं. कंबर दुखायची थांबली होती. बाळारामच्या खांद्यावर हात टाकून मी म्हटलं, "बाळा, तू बोललास ते खरं. मोठं स्थान हाय. राहू दे देवाला इथंच. जानकीला मी समजावतो."

तेव्हा मुख्तारने माझ्यापुढची सुरई उचलून नाकाला लावली. पुन्हा लावली.

"महादूशेठ," तो कुजबुजला, आणि त्या कुजबुजीने दिव्याची काच वाजली, "हा तीर्थ न्हाय. सायझिंगमधी सुताला लावायची कांजी आंबली ना, का असाच वास येतो. ये चावल की दारू है."

सगळ्या ओळीने वाट्या खाली ठेवल्या. मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे चौकटीत एक कागद लावलेला होता. इतका वेळ मी तो देवाचा फोटो समजत होतो. उठून, म्हणजे वाकूनच, जवळ गेलो आणि वाचला. परवाना. साहेबाचं नाव, तालुक्याला कागदावर न सापडलेला गाळा क्रमांक चार, सही, शिक्का. तिसऱ्या ओळीत 'मद्य' होतं. जोडाक्षर आहे, पण मला जोडाक्षरं येतात.

म्हणजे माझ्या खळ्यावर बार. जपानी बार, साके नावाच्या दारूचा, रीतसर परवान्याचा. आणि साधी हळद समितीच्या अध्यक्षाने तिथे पाय धुऊन येऊन ओंजळीने दारू प्यालेली.

"बाळाराम, डोळं उघड."

त्याने एक उघडला.

"तू देव म्हणालास."

"तू यायला नको म्हणून बोललो. तू असा येऊन पाया पडशील हे मना काय माहीत?"

"समितीला कोणाकोणाला ठाऊक हाय?"

"खजिनदार आता उठून गेला. सेक्रेटरी गुरुवारचा असतो. गुरुवारी सगळेच असतात." त्याने दुसराही डोळा उघडला. "अख्ख्या वळला ठाऊक हाय, महादू. एक तुला सोडून."

"मग ही खोकी? हा बोळ? पाटी का न्हाय?"

उत्तर ओकुदा साहेबाने दिलं, पुन्हा वाकत. "धनेशभाई बोला, सब करो, लेकिन पिताजी को दिखना नहीं मंगता. पाटी नहीं. शटर नहीं. पीछे से. मैं बोला, ठीक." मग त्याने हळूच भर घातली, "मुंबई का लोग को बहोत पसंद. छुपा हुआ बार. ढूँढ के आता है."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. बार होता याचा राग नव्हता. लोक मुंबईहून गाडी करून येतात, हा छुपा बार शोधून काढला म्हणून एकमेकांना फोटो पाठवतात, आणि तो छुपा कोणापासून, तर माझ्यापासून. एवढी खोकी माझ्या एकट्यासाठी रचलेली.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. समितीचा नियम पाळायचा तर ज्याच्या हळदीच्या जागेत दारू आहे त्याचं नाव फळ्यावर. म्हणजे माझं. माझ्याच गोल अक्षरात. अक्षरं शिकलो तेव्हा पहिलं लिहिलेलं नाव ते, आणि ते त्या काळ्या फळ्यावर जाणार. शिवाय मी आरडाओरडा केला तर साहेब गाळा सोडणार, धनेश रुसणार, कोर्टकचेरी होणार आणि त्यात हळदीचा दिवस निघून जाणार. गप्प बसायचं तर समिती कसली?

"साहेब," मी शेवटी म्हटलं, "तुम्ही जिथं उभं हाय तिथं खाली आमचं खळं हाय." मुख्तारने त्याला हिंदीत समजावलं, भात कसा आणायचे, मध्ये खांब कसा रोवायचे, बैल कसे फिरायचे. हे सगळं मुख्तारने माझ्याकडूनच ऐकलेलं, पण सांगितलं असं की जणू त्याच्याच आजोबांनी बैल हाकले.

ओकुदा साहेबाने खाली जमिनीकडे बघितलं. आपल्या पायांकडे बघावं तसं. "चावल का जगह?" तो म्हणाला. "मेरे को कोई बोला नहीं."

मग मी हळदीचं सांगितलं. एक संध्याकाळ. थेंब निघणार नाही, सगळं झाकून ठेवायचं. तो लगेच हो म्हणाला. पण त्याची एक काळजी होती. "शेठ को मालूम हो गया," तो म्हणाला. "अब छुपाने का किससे?"

सगळी ओळ माझ्याकडे बघत होती. मुंबईच्या शर्टवाल्याचा चेहरा तर पडलाच होता.

"मना काय ठाऊक न्हाय," मी म्हटलं. "मी देवाच्या पाया पडायला आलेलो. तुमची खोकी ऱ्हाऊ दे."

त्या वाक्याने माझं अध्यक्षपद वाचलं. गेलं असंही म्हणता येईल.

घरी मी वाकलेलाच आलो. जानकीबाईने मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि कंबर शेकली. मी तोंड बंद ठेवून, नाकातून बोलत सांगितलं की साहेब हो म्हणाला.

"तोंड का मिटून बोलताय?"

"दात दुखतो."

"कंबरेत?" एवढंच म्हणाली, आणि शेकत राहिली.

हळदीच्या संध्याकाळी पुढचं शटर पहिल्यांदा वर गेलं. खोकी बाजूला. बाटल्यांवर चादरी, लांब फळीवर जानकीबाईचं हिरवं लुगडं. ओकुदा साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात दाराशी उभा राहून प्रत्येक बाईला वाकत होता. मी वाकत नव्हतो. धनेश माझी नजर चुकवत होता, मी त्याची. मुख्तार नातवाला घेऊन आला होता आणि आल्याआल्या चहा मागत होता, तोच हिरवा.

एक गोष्ट मात्र झाकायची राहून गेली. ती पेंढ्यातली मुडी. आत लाकडी पिंप होतं, पिंपात काय होतं ते मी सांगत नाही, मला ठाऊक नाही. म्हाताऱ्या बायकांनी ती बघितली आणि त्यांचे डोळे भरले. कमळ आत्या म्हणाली, "अगं बाय, मुडी. कोणी बांधली?" लगेच कोणीतरी तिला हळदकुंकू लावलं, कोणी फूल वाहिलं, आणि सुकन्याचा पाट उचलून मुडीला लागून ठेवला, धान्याच्या शेजारी मुलगी बसावी म्हणून. बाळाराम तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेला. धवलारणीने पाय दुमडले, काँक्रीटवर हात फिरवला, आणि सूर लावला. चार नंबरच्या पत्र्याखाली धवला असा घुमला की शेजारच्या गोदामातले हमाल येऊन उभे राहिले. सुकन्या पिवळी होऊन हसत होती. जानकीबाई रडत होती. मला वाटलं, कारकून बरोबर होता. गाळा नाहीच, खळंच आहे.

मी साहेबाला तिवड्याची जागा दाखवली, मळणीचा खांब जिथे उभा असायचा ती. तो आत गेला आणि एक छोटी सुरई घेऊन आला. मी हात आडवा केला, पण तो तोपर्यंत गुडघ्यावर बसला होता.

"मेरे गाँव में भी," तो म्हणाला. "जमीन पहले. आदमी बाद में." आणि त्याने काँक्रीटवर, बरोबर त्या जागी, बारीक धार सोडली.

गाणं थांबलं. धनेश पांढरा पडला. बाळाराम दारातून आत आला. गावातल्या सगळ्या बायका त्या ओल्या डागाकडे बघत होत्या, आणि मग माझ्याकडे, कारण अध्यक्ष मी.

"काय हाय ते?" कमळ आत्याने विचारलं.

खोटं बोलायची मला सवय नाही. पण त्या संध्याकाळी ते खोटं आहे असं मला वाटलंही नाही.

"तीर्थ," मी म्हटलं.

तीर्थ म्हटल्याबरोबर सगळ्या म्हाताऱ्या उठल्या. पदर डोक्यावर, उजवा तळहात खोलगट, रांग लागली. ओकुदा साहेब सुरई हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. रांगेत पहिली जानकीबाई. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने हात पुढे केला. साहेबाने चार थेंब घातले. ती प्याली, ओला हात केसांवरून फिरवला, क्षणभर जीभ टाळ्याला लावून बघितली, आणि साहेबाला म्हणाली, "आज थंडच दिलंस. मागल्या टायमाला बोंबील घेऊन आले, तवा गरम होतं."